दुसरं बारसं

राजारामपुरी, कोल्हापूर
१४ जुलै २०२५

दीपा, जय जिनेंद्र.

पाकिटावरचं अक्षर बघूनच तू हे पत्र फाडणार होतीस, मला माहीत आहे. फाडलं नसलंस तर पुढं वाच. चौदा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आता लिहिते ती गरज पडली म्हणून. उगीच गोड बोलत नाही. तुला माझा स्वभाव ठाऊक आहे, मला तुझा.

हे म्हणाले, केतनला मेल टाकतो, दोन मिनिटांचं काम. मी म्हटलं, नको. जावाजावांचं आहे, मी लिहीन. मेल यांच्या मोबाईलवरून जाणार, म्हणजे हे वाचणार. काही गोष्टी तुझ्यात नि माझ्यातच बऱ्या.

अपूर्वाच्या जन्मदाखल्याची चौकशी लागली आहे. उशिरा नोंदवलेले दाखले पुन्हा तपासतायत, त्यात आपल्या गावच्या वहीतलं तिचं नाव निघालं. तुला हे कुणी सांगितलं नसेल, म्हणून सांगते. तिला बालवाडीत घालताना दाखला लागला, तेव्हा तात्यासोंनी गावात तिची नोंद करवून घेतली. जन्म घरी, २१ एप्रिल २००९. आई अक्काताई, वडील वृषभ. सुईण म्हणून धोंडुबाईचा अंगठा. सासऱ्यांनी केलं, मी मान हलवली. तुझ्या पोटची पोर तिकडं कॅनडात जन्मली, हे कागदावर कुठंच आलं नाही. तेव्हा वाटलं, किती सोयीचं झालं.

गेल्या सोमवारी तालुक्याच्या कचेरीत बोलावलं. मला, यांना आणि अपूर्वाला. धोंडुबाईलाही रिक्षातनं आणलं होतं. आता ऐंशीच्या पुढं गेली, पण आवाज तसाच, बांधावरून हाक मारल्यासारखा. साहेबांनी तिला जुना जबाब वाचून दाखवला आणि विचारलं, आजी, हे बाळंतपण तुम्ही केलं का?

धोंडुबाई म्हणाली, "मी? हिचं? न्हाय बा. तात्यासोनं अंगठा मागितला, मी दिला. मला वाचाय येतंय व्हय? हिची तर कूस उजवलीच न्हाय की, सायेब. धाकटीची पोर हाय ती. फारेनातनं आणल्याली. समद्या गावाला ठावं हाय."

समद्या गावाला ठाऊक होतं, फक्त अपूर्वाला नव्हतं. ती माझ्या शेजारच्या खुर्चीत होती, दीपा. सोळा वर्षं मी जे तोंडात धरून ठेवलं, ते त्या म्हातारीनं एका दमात सांडलं.

परत येताना एसटीत ती खिडकीकडं बसली. रुकडी गेल्यावर एकच प्रश्न विचारला. "मग माझा वाढदिवस कधी असतोय?"

मी म्हटलं, आठवत नाही बाळ. तुझ्या काकूला विचारावं लागेल.

म्हणून हे पत्र. दाखला रद्द होणार हे नक्की. सयाजीराव वकील म्हणतात, आता ती इथली नाही, आणि जिथली आहे तिथला कागद तिच्याकडं नाही. सोळा वर्षं बिनपरवाना राहिलेली परदेशी बाई, असं तिच्या तोंडावर म्हणाले. बाई म्हणाले. अकरावीतली पोर ती. तिला उद्या देशाबाहेर काढलं तरी मला बोलता येणार नाही, कारण कागदावर मी तिची कोणी नाही.

वाट एकच आहे. तुझी आणि केतनभाऊजींची दत्तकाला लेखी संमती हवी, आणि तिचा तिकडचा जन्मदाखला. तेवढं आलं की इथं रीतसर अर्ज होतो. पण ती अठराची व्हायच्या आत. अठरा झाले की दत्तक नाही. खऱ्या तारखेनं ऑक्टोबरात कधीतरी अठरा होतील. नक्की तारीख तुलाच ठाऊक. तिचा पासपोर्ट असता तर काम आणखी सोपं होतं, असं वकील म्हणाले. तो तर तू जायच्या आठवड्यातच हरवला. कुठं गेला देव जाणे.

पोर गुणी आहे. केस तुझे, पाय केतनभाऊजींचे, लांबच्या लांब. गणितात पहिली येते, उलट बोलते, भेंडी खात नाही. वर्षातून एकदा मी गव्हाची हुग्गी करते, तेव्हा मात्र पातेल्याला चिकटून बसते. तिला इथून हलवू नकोस. माझं काय ते माझ्यापाशी.

तारखेचा घोळ नको. लवकर सही करून पाठव.

अपूर्वाची आई,
अक्काताई


१२ ऑगस्ट २०२५

दीपा,

तुझं पत्र आज आलं. पत्र कसलं, चिठ्ठी. ‘पासपोर्ट कुठं गेला ते लिही. तुझ्या हातानं. मग सही करू.’ एवढ्यासाठी एडमंटनहून तिकीट लावलंस.

सोळा वर्षांनी तुला पासपोर्टाचं पडलं आहे. बरं. मेलेल्या माणसाबद्दल बोलू नये म्हणून मी गप्प होते, पण विचारतेसच तर सांगते. तात्यासोंनी ठेवला. त्यांच्या मनात पहिल्यापासून होतं की थोरल्याचं घर रिकामं राहू नये. माझी तीन पोटं वाया गेलेली त्यांनी पाहिली होती. तुझं दुसरं वाटेवर होतं. ते मला म्हणाले, एक इथं राहिलं तर काय बिघडलं, दोघं भाऊ एकच रक्त. त्यांनीच कपाटातनं काढून कुठंतरी ठेवला असणार. मला फार उशिरा कळलं. २०१६ मध्ये ते गेले, विषय तिथंच संपला.

पुढचं तुला कुणी सांगितलं नाही, ते मी सांगते, म्हणजे माझ्यावर लपवालपवीचा आळ नको. तू फेब्रुवारीत एकटीच परत गेलीस. सातवा महिना सरत आलेला, आणखी थांबली असतीस तर विमानात घेतलं नसतं. ठरलं असं की पोरीचा नवा कागद झाला की हे तिला पोचवतील. मग तिकडं केतनभाऊजींची नोकरी गेली. ते फोनवर म्हणाले, सध्या राहू दे तिला तिथंच. ‘सध्या’ हा शब्द तात्यासोंना ऐकू आला नाही. मलाही आला नाही.

तीन मेला त्यांनी गावात बारसं घातलं. दुसरं. तू दवाखान्यात होतीस बहुधा, तुझ्या मुलाच्या वेळी. मी म्हटलं, दत्तकाचा कागद करूया का? तात्यासो म्हणाले, "घरातल्या घरात कागद कशाला? सख्ख्या भावाचं लेकरू हाय. तुझ्या ओटीत घातली, पाळण्यात घातली, म्हंजे हितंच जन्मली." धोंडुबाईनं तिला माझ्या ओटीत ठेवलं. तुझं ‘मैत्री’ पुसून कानात ‘अपूर्वा’ सांगितलं. बायका पाळणा म्हणायला लागल्या, पण दीड वर्षाची पोर पाळण्यात निजते होय? ती साखळी धरून उभी राहिली आणि सगळ्यांकडं बघत बसली. कुणीतरी हसलं. मग सगळ्याच हसल्या.

पुढं नोंद करायची वेळ आली तेव्हा ग्रामसेवकानं जन्मतारीख विचारली. तात्यासोंनी बारशातनं बारा दिवस वजा केले. एकवीस एप्रिल. दरवर्षी त्या तारखेला आम्ही केक कापतो. वर्गात सगळ्यांपेक्षा उंच, दात लवकर पडले, चौथीतच शहाणी झाली. बाया म्हणायच्या, तुमची पोर भारी चपळ. मी हसायचे आणि त्या रात्री मला जेवण जात नसे.

आता झालं समाधान? कागद पाठव. इथं दिवस जातायत.

अक्काताई


२ सप्टेंबर २०२५

दीपा,

म्हणजे तू सोळा वर्षं हिशेब मांडूनच बसली होतीस. ‘त्या आठवड्यात तात्यासो मिरजेला होते, डोळ्याच्या ऑपरेशनला. डबा मी नेत होते. पुन्हा लिही.’ पुन्हा लिही! शाळामास्तरीण झालीस का तिकडं जाऊन?

होते मिरजेला. असतील. माझी आठवण चुकली. तुझी फार चांगली आहे ना, मग हेही आठव. ताप एकशेचार झाला, तेव्हा पाटलांच्या जीपमधनं दवाखान्यात तिला कोण घेऊन गेलं? पहिल्यांदा पाळी आली तेव्हा कोण होतं? महापुरात खालच्या खोलीत पाणी शिरलं तेव्हा तिला हाताला धरून कोण बाहेर पडलं? तू एकदा आलीस. २०११ च्या डिसेंबरात, दोन दिवस. फाटकात उभी राहिलीस, ती माझ्या पदराआड लपली, आणि तू न जेवता गेलीस. आई असती तर तिथंच ठाण मांडून बसली असती. दारात महिनाभर बसली असती. मी बसले असते.

आणि एवढं होतं तर पोलिसात का नाही गेलीस? कोर्टात का नाही गेलीस? आपलेच दात आपलेच ओठ म्हणून गप्प बसलीस, आणि आता सहीसाठी माझं नाक घासून घेतेस. सूड घ्यायचा तर माझ्यावर घे, पोरीच्या गळ्यावर पाय कशाला?

तिचं काय चाललंय ऐक. कॉलेजनं तिचं नाव अडकवून ठेवलंय. परदेशी लोकांची नोंद ठेवणाऱ्या पोलीस खात्यानं तिला दोनदा बोलावलं. बोटांचे ठसे घेतले. त्या अर्जात ‘राष्ट्रीयत्व’ लिहायची जागा होती, तिथं पेन धरून ती किती वेळ थांबली. मग हवालदार म्हणाला, "काय पण लिव्हा पावणं, पर लवकर लिव्हा. मागं लाईन लागलीया." आपल्याच गावात हवालदारानं तिला पावणं म्हटलं.

घरी आल्यावर तिनं मला अपूर्वा म्हणू नकोस असं सांगितलं. मग काय म्हणू, विचारलं. म्हणाली, "काहीच म्हणू नको."

मी हे पत्र आत्ताच टाकणार आहे. दोन दिवसांनी राग उतरला तर टाकणार नाही म्हणून.

अक्काताई


२४ सप्टेंबर २०२५

दीपा,

तुझं उत्तर नाही. येणार नाही हे मला ते पत्र पेटीत पडल्याचा आवाज झाला तेव्हाच कळलं होतं. त्या पत्रानं माझे तीन आठवडे खाल्ले. जीभ सैल सोडायची माझी खोड, तात्यासो म्हणायचे ते खोटं नव्हतं.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. लिहिते. माझ्याच हातानं.

पासपोर्ट मी जाळला.

तू जायच्या आदल्या बुधवारी. हे कामावर, तात्यासो मिरजेला, सासूबाई बस्तीत दर्शनाला गेलेल्या. तू उलट्या करून दमून पडली होतीस, मला म्हणालीस, अक्काताई, बंब पेटव, आंघोळ करते. तुझी पर्स कपाटात होती. पोरगी माझ्या कडेवर होती. तिनं त्याच सकाळी मला पहिल्यांदा ‘आ’ म्हटलं होतं. आई म्हटलं नव्हतं, नुसतं ‘आ’. तू ऐकलंही होतंस आणि हसली होतीस. तू हसलीस म्हणून मला राग आला, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगते. तसं काही नव्हतं. मला ती हवी होती. एवढंच होतं.

परसात बंबात गोवऱ्या पेटल्या होत्या. पानं लगेच जळाली. तिचा फोटो होता, टक्कल आणि मोठे डोळे, तो शेवटी जळाला. वरचं पुठ्ठा-रेक्झिन जळेना, नुसतं आकसत होतं आणि वास सुटला. तू आतनं विचारलंस, कसला वास येतोय गं? मी म्हटलं, जुनी चप्पल घातली बंबात.

त्या पाण्यानं तू आंघोळ केलीस. मीच बादली भरून दिली.

नंतर चार दिवस सगळं घर पासपोर्ट शोधत होतं. मीही शोधत होते. गाद्या उलट्या केल्या, तांदळाच्या कणगीत हात घातला. तू रडत होतीस आणि मी तुझ्या पाठीवरनं हात फिरवत होते. ते खोटं नव्हतं, दीपा. तुझी दयाही येत होती आणि तू जावंस असंही वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी होतं. कसं होतं ते मला आजही सांगता येत नाही.

२०११ चंही सांगते. तू यायच्या आदल्या दिवशी मी तिला सांगितलं होतं, एक काकू येणार आहे, ती तुला पिशवीत घालून घेऊन जाणार आहे. म्हणून ती लपली. चार वर्षांची होती. तुला वाटलं, पोरीनं ओळखलं नाही. तिला मी ओळखू दिलं नाही. तुझं ताट वाढून ठेवलं होतं, ते मी गायीला घातलं.

यांना यातलं काहीच ठाऊक नाही. तू सांगणार असशील तर सांग. मला आता झाकायला पदर पुरत नाही.

हे वाचून तू सही केली नाहीस तरी माझी तक्रार नाही, असं लिहायचं होतं. पण ते खोटं होईल. माझी तक्रार असेल. मला ती हवी आहे, अजूनही, तेवढीच. सही कर, दीपा. पंधरा दिवस उरले आहेत. कुरिअरवाल्याला विचारलं, तो म्हणाला दहा-बारा दिवस लागतात. म्हणून हे आजच जातंय.

अक्काताई


२२ ऑक्टोबर २०२५

दीपा,

तुझं पाकीट सतराला आलं. संमतीपत्र, त्यावर तुमच्या दोघांच्या सह्या, तिकडच्या नोटरीचा शिक्का आणि जन्मदाखला. सह्यांखाली तारीख सहा ऑक्टोबर. म्हणजे माझं पत्र मिळालं त्याच दिवशी तू बसलीस आणि सही केलीस. तू एक दिवससुद्धा लावला नाहीस. मी तीन महिने लावले.

सयाजीराव वकिलांनी दाखला वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "वहिनी, हे आठ दिवस आधी पायजे होतं. नऊ तारखेला पोरगी अठराची झाली. आता तिचा निर्णय तिचा. आपल्या हातात काय नाय राहिलं." पहिलं पत्र लिहिलं तेव्हाच खरं लिहिलं असतं, तर ऑगस्टमध्ये काम झालं असतं. आणि मी म्हातारीच्या तोंडाला दोष देत होते.

दाखला तिनंही वाचला. नाव मैत्री. आईचं नाव दीपा. तारीख. तारखेवर बोट ठेवून थांबली. मग उठून स्वयंपाकघरात गेली आणि कट्ट्यापाशी बराच वेळ उभी राहिली. पाणी प्यायलीस का, मी विचारलं.

संध्याकाळी तिनं सांगितलं, तिकडच्या वकिलातीत अर्ज करणार. इथं राहून काय, कागद नाही, परीक्षा नाही, बाहेर पडलं की लोक बघतात. खरं आहे ते. अर्जासाठी पासपोर्ट कसा गेला याचं प्रतिज्ञापत्र लागतं. ते मी दिलं. तुला जसं लिहिलं तसंच, बंबासकट. टाईप करणारा पोरगा मध्येच थांबला आणि माझ्याकडं बघायला लागला. मी म्हटलं, कर रे बाबा टाईप. शेवटी एक रकाना होता, ‘अर्जदाराशी नाते’. मी ‘चुलती’ लिहिलं.

यांनी ते वाचलं. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. दिवाळी आहे, शेजारच्या क्रांतीनं फराळाचं ताट आणून दिलं, ते तसंच पडून आहे. अपूर्वा यांच्याशी बोलते, यांना डबा करून देते. माझ्याशीही बोलते, कामापुरतं. मीठ कुठं आहे, किल्ली कुठं आहे. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

अक्काताई


१८ जानेवारी २०२६

दीपा,

हे पत्र पोचेल तोवर ती तुझ्याकडं पोचून आठवडा झाला असेल. तरी लिहिते. केतनभाऊजींनी इथं येऊन सगळं नीट केलं. जायची परवानगी, प्रवासाचा कागद, पोलिसांचा शेवटचा सही-शिक्का. कचेरीतल्या माणसानं सांगितलं, बिनपरवाना इतकी वर्षं राहिल्यामुळं परत यायचा व्हिसा मिळेल न मिळेल. ती ऐकत होती.

केतनभाऊजी माझ्या पाया पडले. पडू नका म्हटलं तरी पडले. केस पांढरे झालेत त्यांचे. एवढं होऊन रीत सोडली नाही, त्याचीच मला जास्त लाज वाटली.

आता काही गोष्टी तुला ठाऊक असाव्यात म्हणून. तिला धुळीनं शिंका येतात. पाळीच्या पहिल्या दिवशी पोट फार दुखतं, ओव्याचं पाणी दे, गोळी देऊ नकोस. चिडली की जेवत नाही, पण ताट झाकून ठेवलंस तर रात्री उठून खाते. जेवलीस का असं विचारायचं नाही. भेंडी नको, हे मागं लिहिलंच होतं. तुझ्या मुलाशी तिचं जमेल, तिला लहान मुलांचं वेड आहे. तो लहान राहिला नाही म्हणा आता, सतरा होतील त्याला.

जायच्या सकाळी मी गहू सडून हुग्गी केली. तिला दुसरं काही देण्यासारखं माझ्याकडं नव्हतं. गूळ, खोबरं, वेलदोडा, सगळं. स्टीलच्या डब्यात भरून, झाकण घट्ट लावून तिच्या हातात दिला. म्हटलं, मुंबईपर्यंत टिकेल.

गाडी दारात लागली होती. हे सामान ठेवत होते. तिनं डबा उघडला, वास घेतला आणि परत झाकण लावलं.

म्हणाली, "दरवर्षी नऊ ऑक्टोबरला तू हे करायचीस. मी विचारायची, आज काय हाय? तू म्हणायचीस, गहू उरलेत."

मी पदराला हात पुसायला लागले.

"गेल्या ऑक्टोबरातबी केलीस. मी दोन वाट्या खाल्ल्या. कागद यायच्या आठ दिवस आधी." तिचा आवाज चढला नव्हता. "आनि कचेरीतनं येताना मी विचारलं, माझा वाढदिवस कधी असतोय. तू म्हणालीस, आठवत न्हाय."

मग तिनं डबा उंबऱ्यावर ठेवला, वाकून माझ्या पायाला हात लावला, थोरल्या चुलतीच्या लावतात तसा, आणि गाडीत जाऊन बसली.

दीपा, मी एक दिवस चुकले नव्हते. पहिल्या वर्षापासून. एकवीस एप्रिलला केक आणायचा, फुगे लावायचे, लोक बोलवायचे. आणि नऊ ऑक्टोबरला दार लोटून गहू शिजवायचे. तिचा खरा वाढदिवस कुणीतरी करावा असं वाटायचं. करणारी मीच होते आणि लपवणारीही मीच. तिला ते कळू नये म्हणून मी सोळा वर्षं जपलं, आणि तिला कळलं ते त्याच गव्हावरनं.

या ऑक्टोबरात तिचा वाढदिवस तू कर. सगळ्यांना बोलव, तिला जे हवं ते कर. हुग्गी करू नकोस.

डबा अजून तिथंच आहे. यांनी दोनदा ओलांडला, उचलला नाही. मलाही उचलवत नाही.

अक्काताई